वाचकांचे प्रश्न : आलेली वाट आणि आपली वाट

इंटरनेटच्या वापराविषयी वाचकांनी पाठवलेली पत्रे गेले काही महिने साठत होती. त्यांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे अर्थातच दिलेली नाहीत. निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर 'मी इतकी बावळट कशी' किंवा 'माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने असे कसे केले' असा होता. हा सूर मला मान्य नाही. का, ते पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : 'तुमच्या ईमेल खात्यातील जागा संपली असून २४ तासांत पडताळणी न केल्यास खाते बंद होईल', असा संदेश मला आला. खाली निळे बटण होते. ते दाबल्यावर नेहमीसारखेच पान उघडले, वर कुलपाचे चिन्हही होते, म्हणून मी पासवर्ड भरला. त्यानंतर पान कोरे झाले, तेव्हा शंका आली. घरात अजून कोणाला सांगितलेले नाही. 'आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे मी तीस वर्षे मुलांना सांगत आले. आता काय करावे? आणि कुलूप असूनही असे कसे झाले?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, घरात आजच सांगा. हा सल्ला तुमच्या मनाच्या समाधानासाठी देत नाही. ज्याच्या हाती तुमचे खाते गेले आहे, तो पुढचा संदेश तुमच्या नावाने तुमच्याच माणसांना पाठवण्याची शक्यता मोठी असते, आणि तुम्ही गप्प राहिलात तर तो संदेश त्यांना खरा वाटेल.

आता खात्याकडे वळू. त्या संदेशातली कोणतीही लिंक न वापरता, ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून किंवा कंपनीचे ॲप उघडून पासवर्ड बदला. लगेच सेटिंगमध्ये जाऊन 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' हा पर्याय निवडा, म्हणजे चोर आधीच आत शिरला असेल तर बाहेर फेकला जाईल. पुढची पायरी बहुतेक जण विसरतात. पासवर्ड हाती लागताच काही भामटे 'येणारे प्रत्येक पत्र अमुक पत्त्यावरही पाठवावे' असा नियम खात्यात गुपचूप करून ठेवतात, आणि तुम्ही पासवर्ड बदललात तरी तो नियम जागच्या जागी राहतो. म्हणून फॉरवर्डिंगची सेटिंग उघडून पाहा, आणि पासवर्ड विसरल्यास वापरायचा पर्यायी फोन क्रमांक व ईमेल पत्ता तुमचाच आहे ना, याचीही खात्री करा. हाच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही आजच बदला. बँकेपासून छायाचित्रांपर्यंतच्या बहुतेक खात्यांची 'पासवर्ड विसरलात?' ही वाट ईमेलच्या दारातूनच जाते. त्यामुळे ईमेल गेले, की बाकीच्या किल्ल्यांचा जुडगाच गेला असे समजून वागावे.

कुलपाविषयी झालेला गैरसमज तुमच्या एकटीचा नाही. अनेक वर्षे लोकांना 'कुलूप दिसले की निश्चिंत व्हा' असेच शिकवले गेले. ते चिन्ह एवढेच सांगते, की तुमच्या उपकरणापासून त्या संकेतस्थळापर्यंतच्या वाटेत मजकूर कोणाला वाचता येणार नाही. वाटेच्या टोकाशी कोण बसले आहे, याविषयी ते काहीही सांगत नाही. पाकीट नीट चिकटवून चोराच्या पत्त्यावर टाकले, तर ते चोराला सुखरूप आणि बंदच पोहोचते. त्या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था कोणालाही विनामूल्य आणि काही मिनिटांत देते. इंटरनेटच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, पण ज्यांना भले काम करायचे नाही त्यांनाही ते मिळते. गुगलच्या क्रोम ब्राउझरने तर सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून तिथे दुसरेच साधे चिन्ह बसवले, ते याच कारणाने.

पाहायचा असतो तो पत्ता, आणि त्याचा मालक शेवटाकडून ओळखायचा असतो. सुरुवातीचा जोड तिरपा दांडा सोडून पुढे जा, पहिला एकेरी तिरपा दांडा शोधा आणि त्याच्या लगेच डावीकडचे दोन तुकडे वाचा. 'मेल डॉट अमुककंपनी डॉट कॉम' या पत्त्याचा मालक 'अमुककंपनी डॉट कॉम' आहे. पण 'अमुककंपनी डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' असा पत्ता असेल, तर त्याचा मालक 'खातेतपासणी डॉट नेट' हा कोणीतरी आहे. डावीकडचे सारे त्याने आपल्या मनाने जोडलेले आहे. (काही देशांच्या पत्त्यांत शेवटच दोन तुकड्यांचा असतो, तिथे तीन तुकडे वाचावे लागतात.) फोनच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता पुरा मावत नाही आणि नेमके हेच त्यांच्या पथ्यावर पडते. रोमन लिपीतील 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी बसली की 'एम'सारखी दिसतात, हीही जुनी खोडी आहे.

इतके सगळे सांगूनही मी स्वतः मात्र पत्ते वाचण्यावर विसंबत नाही. घाईत, चष्म्याविना, छोट्या पडद्यावर माझीही नजर चुकते. मी पाळतो तो नियम याहून सोपा आहे : जी वाट संदेशाबरोबर आली, तिने जायचे नाही. खाते खरोखरच बंद होणार असेल, तर मी माझ्या नेहमीच्या वाटेने आत गेल्यावरही ती सूचना दिसेलच. 'नीट वाचा' हा तुमचा उपदेश योग्यच होता, फक्त हा संदेश लिहिणाऱ्यालाही तो ठाऊक होता. त्यातले २४ तास तुम्ही नीट वाचू नये म्हणूनच घातलेले होते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागतो. त्यात मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह असणे सक्तीचे आहे. मी महिन्याचे नाव आणि पुढे एक उद्गारचिन्ह, असे करून वेळ भागवतो. हे चुकीचे आहे का?
— एक लेखापाल

उत्तर : चूक आहे, पण तुमच्यापेक्षा नियमाची अधिक आहे. संगणकावर पासवर्डची पद्धत रूढ झाली ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने अनेकांना एकाच वेळी वापरता येईल असा संगणक उभा केला तेव्हा. गंमत म्हणजे १९६२ मध्येच तिथल्या ॲलन शेर या संशोधकाने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली होती. म्हणजे पासवर्ड आणि पासवर्डची चोरी ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत.

तुमच्या कार्यालयातील नियमाचे मूळ अमेरिकेच्या मानक संस्थेने २००३ च्या सुमारास काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी संस्थेने नियम बदलले : चोरीचा संशय नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, चिन्हांची सक्ती करू नये, लांबीला महत्त्व द्यावे. कारण सक्ती केली की माणसे तुम्ही करता तेच करतात आणि चोरांनाही ते पाठ असते.

मग करावे काय? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द निवडून एक लांब पासवर्ड करावा. शब्द मात्र स्वतःच्या मनाने निवडू नयेत, कारण मन ओळखीच्या वाटेनेच जाते. फासे टाकून किंवा शब्दकोश डोळे मिटून उघडून निवडावेत. लहान लिपीतील आठ रोमन अक्षरांच्या पासवर्डच्या सुमारे २१ हजार कोटी शक्यता होतात. पाच फाशांनी ज्यातून शब्द निवडता येतो अशी ७,७७६ शब्दांची यादी घेऊन त्यातील केवळ चार शब्द जोडले, तर त्या शक्यता साडेतीन हजार लाख कोटींच्या पुढे जातात, आणि पाठ करायला चारच शब्द लागतात.

असा पासवर्ड प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा. हे सांगणे सोपे आणि पाळणे अशक्य, असे तुम्हाला वाटेल. म्हणूनच पासवर्ड मॅनेजर वापरावा, म्हणजे चार शब्दांचा एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा आणि बाकीचे त्या तिजोरीने सांभाळायचे. ते जमत नसेल तर वहीत लिहून वही घरात कुलपात ठेवण्यालाही माझी हरकत नाही. समुद्रापलीकडच्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही, पण एकदा कुठेतरी फुटलेला पासवर्ड तो शंभर ठिकाणी लावून पाहतो. डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' या कंपनीचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्यावर आले, तेव्हा त्यातील जवळपास २ लाख ९० हजार लोकांचा पासवर्ड एक ते सहा हे अंक ओळीने लिहिलेला होता.

शिवाय द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पुरावा मागण्याची सोय, सुरू करा. फोनवरील ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा कोड हा एसएमएसने येणाऱ्या कोडपेक्षा बरा, आणि जिथे 'पासकी'ची, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात जपून ठेवलेल्या डिजिटल किल्लीची, सोय आहे तिथे ती त्याहून बरी. पासकी ज्या संकेतस्थळाच्या पत्त्यासाठी तयार झाली, त्याच पत्त्यावर चालते. त्यामुळे वरच्या पत्रातल्या नकली पानावर ती आपोआपच निरुपयोगी ठरली असती.

प्रश्न : संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आवाज माझ्या पुतण्याचाच होता, 'काका' म्हणण्याची लकबही त्याचीच. अपघात झाला आहे, फोन फुटला आहे, ताबडतोब पैसे पाठवा आणि बाबांना सांगू नका, असे तो म्हणाला. पैसे पाठवण्याच्या बेतात असतानाच पुतण्या स्वतः घरात आला. आता कोणाच्याही आवाजावर विश्वास ठेवावा की नाही?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : आवाज ही आता ओळखीची खूण राहिलेली नाही. कोणीतरी समाजमाध्यमावर टाकलेल्या एखाद्या चित्रफितीतील काही सेकंदांचा नमुना मिळाला, तरी त्यावरून त्या आवाजात हवे ते वाक्य वदवणारी साधने उपलब्ध आहेत. तरीही या फोनमधला सर्वांत मोठा पुरावा आवाजात नव्हताच. 'बाबांना सांगू नका' या तीन शब्दांत तो होता. ज्या मागणीबरोबर गुप्ततेची अट येते, ती मागणी कितीही जवळच्या आवाजात आली तरी तिथेच थांबावे.

इथेही नियम तोच. फोन ठेवून द्या आणि आपल्याकडे आधीपासून जतन असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावा. तो लागला नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाला लावा. खरा पुतण्या पाच मिनिटे थांबेल. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणेही चांगले, मात्र तो कुटुंबाच्या ग्रुपवर लिहू नका, समोरासमोर बसून ठरवा.

याच कुळातला दुसरा फोन 'बँकेतून बोलतोय, तुमच्या खात्यातून होणारा गैरव्यवहार रद्द करायचा आहे, आलेला ओटीपी सांगा' असा असतो. त्यात हातोहात फसवणूक होते ती एका गोष्टीमुळे : एसएमएसमध्ये ओटीपीच्या शेजारीच तो कशासाठी आहे हे बहुधा लिहिलेले असते, आणि ते वाचायला सवड मिळू नये म्हणून समोरचा सतत बोलत राहतो. रद्द करण्यासाठी म्हणून मागितलेला तो कोड प्रत्यक्षात व्यवहार पुरा करण्याचा असतो. तुमच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे एखादे ॲप घ्यायला कोणी सांगितले, तर पुढचे वाक्य ऐकून घेण्याचीही गरज नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. माझी नणंद तिचे प्रत्येक छायाचित्र समाजमाध्यमावर टाकते : शाळेच्या गणवेशातले, स्पर्धेतले, पोहण्याच्या तलावावरचे. मी काही म्हटले की 'कौतुकच करतेय ना' असे उत्तर येते. मुलीलाही ते आवडत नाही. संबंध न बिघडवता हे कसे थांबवावे?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटून दुसरे लिहिले आहे. मुलीला ते आवडत नाही, एवढे कारण पुरेसे आहे, आणि नणंदबाईंना तेच आधी सांगावे. शक्यतो मुलीने स्वतःच, 'आत्या, मला विचारल्याशिवाय टाकू नकोस', असे सांगावे. आईने घातलेल्या बंदीचा राग येतो. भाचीने केलेल्या विनंतीचा सहसा येत नाही.

त्यांना धोका पटवून द्यायचा असेल, तर उपदेशाऐवजी एक प्रयोग करून दाखवा. त्यांनी टाकलेली मागची दहा छायाचित्रे अनोळखी माणसाच्या नजरेने दोघींनी मिळून पाहा आणि त्यातून काय कळते ते कागदावर लिहा. गणवेशावरच्या बिल्ल्यावरून शाळा कळते, स्पर्धेच्या फलकावरून इयत्ता आणि पूर्ण नाव कळते, वाढदिवसाच्या फुग्यांवरून जन्मतारीख कळते, तलावाच्या छायाचित्राखालच्या 'दर शनिवारी' या दोन शब्दांवरून ती कोणत्या दिवशी कुठे असते हेही कळते. एकेका छायाचित्रात काहीच नसते. दहांची बेरीज मात्र एक पुरी ओळख असते.

दिसत नाही असेही काही छायाचित्रात असते. फोनमध्ये ठिकाणाची नोंद सुरू असेल तर छायाचित्राच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. अक्षांशाच्या दशांश चिन्हापुढचा चौथा अंक म्हणजे जमिनीवरचे सुमारे ११ मीटर, म्हणजे जवळपास घराचा उंबरठाच. मोठी समाजमाध्यमे ही नोंद सार्वजनिक प्रतीतून बहुतेक वेळा काढून टाकतात, परंतु तीच फाइल ईमेलने किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली की नोंद तशीच पुढे जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी काढून टाकणे हे एका मिनिटाचे काम आहे.

आधी टाकलेल्या छायाचित्रांतील तलावावरची छायाचित्रे प्रथम काढायला सांगा. बाकीची पाहणाऱ्यांची यादी जवळच्या माणसांपुरती करून ठेवली तरी चालेल. आणि हा नियम तुम्हालाही लागू आहे, बरे का. रडणाऱ्या किंवा रुसलेल्या मुलाची चित्रफीत टाकून हसणाऱ्या आया मी कमी पाहिलेल्या नाहीत.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे. ऑनलाइन ओळख झालेल्या एका मुलीला मी माझे एक खासगी छायाचित्र पाठवले. आता ती व्यक्ती पैसे मागते आहे, नाहीतर ते माझ्या सर्व मित्रांना पाठवीन म्हणते. एकदा पैसे दिले. पुन्हा मागितले आहेत. मला काही सुचत नाही.
— नाव नाही

उत्तर : या पत्राला टपालाने किंवा अंकाची वाट पाहून उत्तर देणे योग्य नव्हते, म्हणून ज्या पत्त्यावरून ते आले तिथे त्याच दिवशी उत्तर पाठवले. तेच इथे छापतो आहे, कारण असे पत्र न लिहिणारी मुले लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त असतात.

तू गुन्हा केलेला नाहीस. तुझ्याविरुद्ध गुन्हा झाला आहे. पलीकडे बहुधा कोणी मुलगी नाहीच. हा सराईतांचा धंदा आहे आणि तेच संवाद ते एकाच वेळी अनेक मुलांशी करतात. आणखी पैसे देऊ नकोस. पैसे दिल्याने मागणी थांबत नाही, हे तू अनुभवलेच आहेस. उत्तर देणे बंद कर, पण संभाषण पुसू नकोस. धमक्या, खात्याचे नाव आणि पैसे पाठवल्याची नोंद यांचे स्क्रीनशॉट घे, त्यानंतर त्या खात्याची तक्रार कर आणि मग ब्लॉक कर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच सारे पुसले तर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

छायाचित्र पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची विनामूल्य सेवा आहे. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित मुलांसाठीचे राष्ट्रीय केंद्र ती चालवते आणि अठरा वर्षांखालील असताना काढलेल्या छायाचित्रांसाठी ती कोणत्याही देशातून, नाव न सांगता वापरता येते. प्रौढांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही अशीच सेवा २०२१ पासून आहे. दोन्हीकडे छायाचित्र पाठवावे लागत नाही. तुझ्याच फोनवर त्या छायाचित्रावरून अंक-अक्षरांची एक खूण तयार होते आणि फक्त ती खूण सहभागी समाजमाध्यमांकडे जाते; ते छायाचित्र तिथे कोणी चढवायला गेले तर खुणेवरून ओळखून अडवता येते.

आता सर्वांत अवघड काम. आज रात्री झोपण्याआधी घरातल्या एका मोठ्या माणसाला सांग. आईबाबांना सांगवत नसेल तर मामा, आत्या, मोठी बहीण, शिक्षक, कोणीही एक. वाक्य सुचत नसेल तर 'मला एका माणसाकडून धमक्या येत आहेत आणि मला मदत हवी आहे' एवढेच म्हण. छायाचित्राचे नंतर सांगता येईल. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नकोस, या क्षणी कोणाच्या तरी शेजारी जाऊन बस आणि तेही सांग.

पालकांसाठी एकच वाक्य जोडतो. असे काही घेऊन मूल समोर आले, तर फोन हिसकावून घेण्याचा मोह आवरा. त्या एका कृतीने मूल पुढच्या वेळी काय करायचे ते शिकते.

(या मुलाने घरी सांगितल्याचे त्याने कळवले आहे.)

प्रश्न : आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक आदरणीय काका रोज आरोग्याचे आणि आपत्तीचे खोटे संदेश पाठवतात. मी एकदा पुराव्यासह खोडून काढले तर ग्रुपवर तीन दिवस शांतता पसरली. गप्प बसावे का?
— एक अभियंता

उत्तर : गप्प बसू नये, पण चव्हाट्यावरही बोलू नये. ग्रुपवर खोडून काढलेला संदेश हा काकांच्या दृष्टीने संदेशाचा प्रश्न राहत नाही, मानाचा होतो. त्यांना वेगळा फोन करा. 'काका, हे तपासून पाहिले, जुने निघाले, तुम्हीच ग्रुपवर सांगाल का?' असे म्हणा. दुरुस्तीचा मान त्यांना मिळाला तर बहुतेक वेळा ते ती आनंदाने करतात.

खोटी बातमी वेगाने पसरते, असे आपण अनुभवावरून म्हणतो. त्याची मोजणीही झाली आहे. एमआयटीतील तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या, आणि २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला, की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक होती. स्वयंचलित खाती वगळून पाहिली तरी चित्र बदलले नाही. म्हणजे पसरवणारी यंत्रे नव्हती, माणसेच होती. खोट्या बातमीत नावीन्य जास्त असते, आणि नवे काही आपण प्रथम सांगावे ही हौस माणसाला फार जुनी आहे.

मीही या हौसेला बळी पडलो आहे. काही वर्षांपूर्वी एका पुराचे छायाचित्र मी तळमळून चार ग्रुपवर पाठवले; ते दुसऱ्या खंडातले आणि कितीतरी वर्षांपूर्वीचे निघाले. चारही ठिकाणी दुरुस्ती लिहिताना जो अर्धा तास गेला, त्याने मला चित्रावरून शोध घेण्याची सवय लावली. छायाचित्र शोधयंत्रात चढवले की ते याआधी कुठे कुठे प्रसिद्ध झाले हे दिसते आणि जुने चित्र लगेच उघडे पडते. मजकुराच्या बाबतीत मी तीनच गोष्टी पाहतो : तारीख आहे का, कोणी म्हटले आहे त्याचे नाव आहे का, आणि 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' अशी विनवणी आहे का. पहिल्या दोन नसतील आणि तिसरी असेल, तर तो संदेश माझ्यापाशी संपतो.

प्रश्न : महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी इंटरनेटवरून घेतलेली छायाचित्रे वापरून खाली 'साभार : इंटरनेट' असे लिहिले तर चालते ना?
— एक विद्यार्थिनी संपादक

उत्तर : चालत नाही. 'साभार : इंटरनेट' म्हणजे 'साभार : रस्ता'. छायाचित्र कोणीतरी काढलेले असते, आणि मूळ १८८६ च्या बर्न कराराला मान्यता देणाऱ्या जगातील बहुतेक देशांत त्या व्यक्तीचा हक्क कोणत्याही नोंदणीशिवाय, काढल्या क्षणापासून असतो. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखालील छायाचित्रे शोधा; हे परवाने २००२ पासून आहेत आणि कर्त्याचे नाव द्यावे लागेल का, बदल करता येतील का, व्यावसायिक वापर चालेल का, हे त्यांवरून कळते. छायाचित्राखाली त्याचे नाव, छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा प्रकार लिहा. किंवा वर्गातल्या कोणाला तरी कॅमेरा घेऊन पाठवा. अंक जास्त चांगला होईल.

प्रश्न : फोन सारखा अपडेट मागतो. मी तो महिनोन्महिने 'नंतर' करते. काही बिघडते का?
— एक गृहिणी

उत्तर : १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ज्या खिंडारातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, दिला होता. ज्यांनी 'नंतर' म्हटले त्यांतले पुष्कळ त्यात सापडले. रात्री फोन चार्जिंगला लावताना अपडेट सुरू करा. मात्र एखाद्या संकेतस्थळावर अचानक उघडलेल्या खिडकीत 'अपडेट करा' असे दिसले, तर ती आलेली वाट समजा आणि फोनच्या सेटिंगमधून स्वतः जाऊन पाहा.

प्रश्न : वडिलांचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांचा फोन आणि त्याचा पिन माझ्याकडे आहे. त्यांच्या ईमेलमध्ये विम्याची कागदपत्रे असावीत, पण खाते उघडायला हात धजत नाही. उघडावे का? आणि त्यांच्या समाजमाध्यमावरील पानाचे काय करावे?
— एक मुलगा

उत्तर : तुमचा हात अडखळला, हे मला बरे वाटले. वडिलांच्या टपालपेटीत वडिलांची पत्रे असतात तशी त्यांना इतरांनी लिहिलेलीही असतात; ती माणसे हयात आहेत आणि आपले लिहिणे त्यांच्या मुलाने वाचावे, अशी परवानगी त्यांनी दिलेली नाही. शिवाय दुसऱ्याच्या पासवर्डने खाते उघडणे अनेक सेवांच्या अटींत बसत नाही. म्हणून आधी विमा कंपनीशी मृत्यूच्या दाखल्यासह थेट संपर्क साधा. ईमेल न उघडताही बहुधा काम होईल. ईमेल सेवेकडेही वारसाने अर्ज करण्याची रीतसर सोय असते. वेळ मात्र फार दवडू नका, कारण गुगलसारखी कंपनी सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसू शकते, आणि त्यात छायाचित्रेही जातात. फोनचा क्रमांकही ही कामे होईपर्यंत चालू ठेवा. पडताळणीचे कोड त्यावरच येतील.

समाजमाध्यमावरील पान बंद करता येते किंवा स्मृतिपान म्हणून ठेवता येते. स्मृतिपान झाले की त्यात कोणाला शिरता येत नाही आणि वाढदिवसाची आठवण मित्रांना जात नाही. काही घरांना ती आठवण हवी असते, काहींना ती दरवर्षी टोचते; हे आईला विचारून ठरवा.

तुमच्या स्वतःच्या खात्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. गुगलमध्ये २०१३ पासून 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे : तीन ते अठरा महिन्यांपैकी ठरवलेल्या मुदतीत तुमचा वावर दिसला नाही, तर तुम्ही नेमलेल्या दहापर्यंत व्यक्तींना कळवले जाते आणि तुम्ही ठरवाल तेवढाच भाग त्यांना मिळतो. फेसबुकवर २०१५ पासून आणि ॲपलच्या उपकरणांवर २०२१ च्या अखेरीपासून वारस नेमण्याची अशीच सोय आहे. मी माझ्या मुलीला नेमले आहे. छायाचित्रे तिला मिळतील, पत्रव्यवहार मिळणार नाही. हे तिला सांगितले तेव्हा ती थोडी रुसली, मग म्हणाली, 'बाबा, माझेही तसेच करून द्या.'